सेटअपचं टूल ठरवण्याआधी डेटाची जागा ठरवा

पत्राचा गोषवारा : सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांचे थोरले बंधू मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. ताई प्रोग्रॅम लिहितात, दादा गावोगाव फिरून तो बसवतात. पलूस, कडेगाव, खानापूर आणि पलीकडे कराड तालुक्यात मिळून साठेक केंद्रं त्यांच्याकडे आहेत. प्रोग्रॅम सी शार्प भाषेत, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ या मायक्रोसॉफ्टच्या पायावर आहे आणि डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये राहतो. आजवर एक झिप फाइल द्यायची, ती सी ड्राइव्हवर उघडायची आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट काढायचा, एवढ्यावर काम चाललं. मग एका केंद्रावर नव्या आवृत्तीची झिप जुन्या फोल्डरवर उघडली गेली आणि डेटाच्या फाइलवर कोरी फाइल बसली. दुधाचा पगार काढायच्या आदल्या दिवशी सगळं संकलन वहीवरून पुन्हा भरावं लागलं.

तेव्हा त्यांनी इनो सेटअप हे टूल वापरून सेटअप, म्हणजे प्रोग्रॅम संगणकावर बसवणारी फाइल, बनवून पाहिला. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये गेला, पण डेटा सेव्ह होईना. शेवटी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक करून वेळ मारून नेली. शिवाय सेटअप गूगल ड्राइव्हवरून उतरवला की विंडोजची निळी सूचना येते, पेनड्राइव्हवरून टाकला की येत नाही. दादा म्हणतात, पैसे भरून चांगलं टूल घेऊ. पुण्यात नोकरी करणारी मैत्रीण म्हणते, व्यावसायिक काम विक्स या टूलमध्येच होतं. शिकाऊ मुलगा म्हणतो, आता एमएसआयएक्स या नव्या पॅकेज पद्धतीचा जमाना आहे. त्यात एका दूध संघाच्या संगणक विभागानं ‘एमएसआय फाइल द्या’, म्हणजे विंडोजच्या ठरावीक पद्धतीची सेटअप फाइल द्या, अशी मागणी केली आहे. ताई विचारतात, “फुकटचं टूल वापरून आपण हलकं काम करतोय का? नेमकं कुठलं टूल घेऊ?”

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात टूलबद्दल चार मतं आहेत आणि एक घडलेली घटना आहे. मी त्या घटनेपासून सुरुवात करतो, कारण कुठलं टूल घ्यायचं याचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

डेटाच्या फाइलवर कोरी फाइल का बसली? प्रोग्रॅम आणि डेटा एकाच फोल्डरमध्ये होते आणि तुम्ही पाठवलेल्या झिपमध्ये कोरी डेटाफाइलही होती. झिपऐवजी सेटअप असता आणि त्याच्या यादीत तीच कोरी फाइल असती, तर? इनो सेटअप, विक्स किंवा पैसे भरून घेतलेलं एखादं टूल, प्रत्येकाला ‘ही फाइल तिथे ठेव’ असं तुम्हीच सांगणार. ते सांगणं चुकलं तर महागडं टूलही दहा दिवसांचं दूध पुसून टाकू शकतं. तेव्हा चांगलं टूल घेतलं की हा धोका टळेल, हे गृहीतक आधी बाजूला ठेवू.

दुसरी अडचणही याच मुळातून आली आहे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये डेटा सेव्ह झाला नाही, यात इनो सेटअपचा दोष नाही. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, त्या फोल्डरमध्ये साध्या अधिकारांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला लिहिता येत नाही. प्रोग्रॅमच्या फाइली कुणी सहज बदलू नयेत म्हणून ती जागा मुद्दाम बंद ठेवली आहे. तुमचं जुनं फोल्डर सी ड्राइव्हवर उघडं होतं, म्हणून इतकी वर्षं हा प्रश्न जाणवला नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची टिक मात्र कृपा करून काढून टाका. केंद्रावरच्या संगणकात दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात. अशा संगणकावर रोज सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्या प्रोग्रॅमला सगळे अधिकार देऊन ठेवणं बरं नाही.

तुमच्यासारखं काम करणाऱ्या, पण अजून व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो. अशा जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज नकार देत नाही. तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला की विंडोज ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं. मग एक दिवस दुसऱ्याच नावानं लॉगिन होतं आणि सचिव फोन करतात की महिनाभराच्या नोंदी गायब झाल्या. नोंदी गेलेल्या नसतात, त्या पहिल्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असतात. पतसंस्थांच्या आणि दुकानांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा गेला’ अशी तक्रार आली तर आधी तिथे बघा.

आता तुमची घडी कशी बसवायची ते सांगतो. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच जाऊ द्या. डेटा ‘प्रोग्रॅम डेटा’ या सामायिक फोल्डरमध्ये तुमच्या नावाच्या उपफोल्डरात ठेवा. दर तक्ता, वजनकाट्याचा आणि फॅट मशीनचा कॉम पोर्ट, पावतीच्या प्रिंटरची सेटिंग हेही तिथेच, पण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. यात एक खाच आहे. ‘प्रोग्रॅम डेटा’मध्ये एका वापरकर्त्यानं बनवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येत नाही. सकाळी एक मुलगा आणि संध्याकाळी दुसरा वेगवेगळ्या लॉगिननं बसत असतील, तर संध्याकाळचं संकलन अडकेल. म्हणून सेटअपनं ते उपफोल्डर बनवतानाच सर्व वापरकर्त्यांना बदल करण्याची परवानगी द्यायची. इनो सेटअपमध्ये फोल्डरच्या ओळीत ‘यूजर्स-मॉडिफाय’ लिहिलं की हे होतं.

कोरी डेटाफाइल सेटअपमध्ये ठेवूच नका. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की त्यानं स्वतः पाहावं, फाइल नसेल तर बनवावी, असेल तर वापरावी. मग सेटअपला डेटाफाइल ठाऊकच नसते. अपडेट करताना तो तिच्यावर काही लिहीत नाही आणि अनइन्स्टॉल करताना ती काढतही नाही. काही कारणानं ती सेटअपमध्ये ठेवावीच लागली, तर ‘आधी नसेल तरच टाक’ आणि ‘अनइन्स्टॉलमध्ये कधीच काढू नको’ असे दोन्ही शेरे द्यायला विसरू नका. दर तक्त्यात नवा रकाना आला, नोंदींची रचना बदलली, तर ते कामही प्रोग्रॅमचंच आहे. एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच ‘यूजर व्हर्जन’ म्हणून एक आकडा ठेवता येतो. प्रोग्रॅमनं उघडताना तो वाचायचा, आधी फाइलची प्रत काढायची आणि मग एकेक पायरी वर चढवायची. एखाद्या केंद्रानं मधल्या तीन आवृत्त्या घेतल्याच नसतील तरी ते अशा रीतीनं थेट नव्यावर येतं. प्रत काढताना प्रोग्रॅम पूर्ण बंद असावा, किंवा एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी. वॅल पद्धत चालू असेल तर ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात आणि नुसती मुख्य फाइल उचलली की त्या मागे राहतात.

पहिल्या बदलाच्या दिवशी सगळ्यात जपून राहा. साठ केंद्रांवर आज जुनं फोल्डर आहे आणि डेस्कटॉपवर जुना शॉर्टकट आहे. नवा सेटअप चालला, नवा शॉर्टकट आला, तरी संध्याकाळी घाईत बसलेला मुलगा सवयीनं जुन्यावरच क्लिक करेल. मग सकाळचं दूध नव्या फाइलमध्ये आणि संध्याकाळचं जुन्या फाइलमध्ये जाईल आणि हे पगाराच्या दिवशी उघडकीला येईल. म्हणून सेटअपनं जुना शॉर्टकट काढावा. नव्या प्रोग्रॅमनं पहिल्यांदा उघडल्यावर जुनी डेटाफाइल शोधून तिची प्रत नव्या जागी घ्यावी, नोंदींची संख्या जुळवून पाहावी आणि मगच जुन्या फाइलचं नाव बदलून ठेवावं. ती पुसू नये. सगळ्या कामातला हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे आणि त्यावर वेळ घालवाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एवढं झालं की टूलची निवड सोपी होते. तुमच्या कामासाठी मी इनो सेटअपच पुढे चालू ठेवेन.

कारणं सांगतो. जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं हे टूल आजही नेटानं पुढे चाललं आहे. त्याची स्क्रिप्ट एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. ती तुम्ही प्रोग्रॅमच्या कोडबरोबर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवू शकता आणि सहा महिन्यांनी उघडली तरी वाचून कळते. जास्तीचं काही करायचं तर पास्कल भाषेत लिहिता येतं. डॉट नेट ४.८ आहे की नाही हे तपासून, नसेल तर ते आधी बसवता येतं. ते इंटरनेटवरून उतरवायला लावू नका, शंभर एमबीच्या वर जाणारी त्याची ऑफलाइन फाइल पेनड्राइव्हवर सोबत द्या. आटपाडी-जत भागात काम वाढलं तर दादा तुमचे आभार मानतील. सेटअपच्या खिडकीतल्या सूचनांची फाइलही स्वतः मराठीत लिहिता येते. ते जरूर करा, कारण बसवताना पुढ्यात सचिव बसलेले असतात.

इनो सेटअपमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या करा. ‘अ‍ॅपआयडी’, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख, एकदा ठरवा आणि पुन्हा कधीही बदलू नका. ती न दिल्यास सॉफ्टवेअरचं नावच ओळख म्हणून धरलं जातं. उद्या नाव बदललं की विंडोज ते वेगळंच सॉफ्टवेअर समजेल आणि यादीत दोन-दोन दिसतील. आणि ‘अ‍ॅपम्युटेक्स’ची सोय वापरा, म्हणजे प्रोग्रॅम उघडा असताना कुणी अपडेट चालवलं तर सेटअप आधी तो बंद करायला सांगेल.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. विक्स हे उत्तम टूल आहे यात शंका नाही. मायक्रोसॉफ्टनं २००४ मध्ये खुलं केलेलं ते त्यांचं पहिलं मुक्तस्रोत काम मानलं जातं. ते एमएसआय बनवतं आणि एमएसआय १९९९ पासूनच्या विंडोज इन्स्टॉलर या विंडोजच्याच सेवेमार्फत बसतं. बसवणं मध्येच फसलं तर मागे फिरणं, बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणं आणि शेकडो संगणकांवर एकाच ठिकाणाहून वाटणं ही त्याची ताकद आहे. पण त्याचे नियम कडक आहेत. ‘अपग्रेड कोड’, ‘प्रॉडक्ट कोड’, ‘कंपोनंट’ ही सगळी मांडणी नीट समजून घ्यावी लागते. एक उदाहरण देतो. एमएसआय आवृत्तीचे पहिले तीनच आकडे बघतं. तुम्ही २.४.१.७ नंतर २.४.१.८ काढली तर त्याच्या लेखी दोन्ही एकच. तुमची मैत्रीण ज्या कार्यालयात काम करते तिथे हे सांभाळायला माणसं असतील. तुमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याही तुम्हीच आणि फोन घेणाऱ्याही तुम्हीच.

मग दूध संघाची मागणी? त्यांच्या माणसाला फोन करून विचारा की एमएसआय कशासाठी हवी आहे. डोमेनवरून ग्रुप पॉलिसीच्या सॉफ्टवेअर वाटपाच्या सोयीनं (कार्यालयाच्या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांवर एकाच ठिकाणाहून) वाटायचं असेल तर खरोखर एमएसआयच लागते. पण बऱ्याचदा त्यांना एवढंच हवं असतं की सेटअप काही न विचारता बसावा आणि त्याची नोंद राहावी. ते इनो सेटअपमध्येही होतं. ‘व्हेरीसायलेंट’, ‘सप्रेसमेसेजबॉक्सेस’, ‘नोरीस्टार्ट’ आणि ‘लॉग’ हे स्विच देऊन एका ओळीची आज्ञा त्यांना लिहून द्या. तरीही एमएसआय हवीच म्हणाले, तर त्या एका ग्राहकासाठी विक्समध्ये वेगळं पॅकेज बनवा आणि त्या कामाचे वेगळे पैसे सांगा. एका संघासाठी साठ केंद्रांची घडी बदलायची गरज नाही.

एमएसआयएक्सबद्दल मुलाचा उत्साह चांगला आहे. अनइन्स्टॉल केल्यावर मागे काही उरत नाही, हा त्याचा गुण. नेमका तोच तुमच्या कामात घातक ठरतो, कारण पॅकेजच्या आतल्या जागेत डेटा राहिला तर अनइन्स्टॉलबरोबर तोही जातो. वजनकाट्याच्या यूएसबी-सिरियल केबलचा ड्रायव्हर त्यात घालता येत नाही. पॅकेजवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसेल तर ते बसत नाही. शिवाय ही सोय विंडोज १० पासूनची आहे आणि तुमच्या काही केंद्रांवर अजून विंडोज ७ असेल असा माझा अंदाज आहे. मुलाला ते शिकू द्या, पण या सॉफ्टवेअरवर नको.

एनएसआयएस हे आणखी एक टूल इनो सेटअपच्या तोडीचं आहे. विनअ‍ॅम्प हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टमधून ते आलं आणि त्याचा स्वतःचा बोजा फार हलका असतो. पण स्क्रिप्टची भाषा किचकट आहे, तुम्ही इनोत सुरुवात केलीच आहे तर बदलू नका. मायक्रोसॉफ्टच्या क्लिकवन्समध्ये प्रोग्रॅम दर वापरकर्त्यासाठी वेगळा बसतो, ते केंद्राच्या सामायिक संगणकाला सोयीचं नाही.

निळ्या सूचनेचा टूलशी काहीही संबंध नाही, हे दादांनाही वाचून दाखवा. ब्राउझरनं इंटरनेटवरून फाइल उतरवली की विंडोज तिच्यावर ‘बाहेरून आलेली’ अशी अदृश्य खूण ठेवतं. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या (विंडोजच्या नेहमीच्या) डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यामुळे त्यावर कॉपी करताच ती गळून पडते आणि स्मार्टस्क्रीन, म्हणजे ती निळी सूचना दाखवणारी विंडोजची सोय, काही विचारत नाही. खूण असली की स्मार्टस्क्रीन दोन गोष्टी बघतं : ही फाइल आधी किती जणांनी वापरली आहे आणि तिच्यावर कुणाची सही आहे. सही नसेल तर तुमची प्रत्येक नवी आवृत्ती विंडोजसाठी पूर्ण अनोळखी. सही असेल तर हळूहळू त्या नावाला ओळख मिळते. हळूहळू म्हणतो, कारण सही केल्या दिवसापासून सूचना बंद होईल असं नाही.

दादांना चांगल्या टूलसाठी जे पैसे घालायचे आहेत, ते ही सही करता येण्यासाठीच्या कोड सायनिंग प्रमाणपत्रात घाला. जून २०२३ पासून या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. म्हणजे यूएसबी टोकन येतं किंवा ती किल्ली प्रमाणपत्र विकणाऱ्याच्या क्लाउडमध्ये राहते. टोकन घेतलं तर ते तुमच्याकडे ठेवा, दादांच्या दुचाकीच्या डिकीत नको. सही करताना टाइमस्टॅम्प (सही केल्याच्या वेळेचा शिक्का) लावा, म्हणजे प्रमाणपत्राची मुदत संपली तरी आधी सही केलेले सेटअप चालत राहतात. प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलवर, सेटअपवर आणि अनइन्स्टॉलरवर, तिन्हींवर सही हवी.

प्रमाणपत्र येईपर्यंत केंद्रावरच्या मुलांना ‘मोअर इन्फो, रन एनीवे’ करायला शिकवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या सेटअपसाठी लावलेली सवय ते उद्या वीजबिलाच्या खोट्या फाइलसाठीही वापरतील आणि त्याच संगणकावर संस्थेचं बँक खातं चालतं. तोवर दादांनी पेनड्राइव्हवरूनच बसवावं.

हलक्या कामाचा प्रश्न राहिला. मायक्रोसॉफ्टचं व्हीएस कोड विंडोजवर इनो सेटअपनंच बसतं. नोटपॅड++ चा सेटअप एनएसआयएसमध्ये बनतो. तेव्हा ही शंका मनातून काढून टाका. मात्र फुकट या शब्दावर विसंबू नका, परवाना वाचा. व्यावसायिक वापर करणाऱ्यांनी परवाना विकत घ्यावा अशी इनो सेटअपच्या कर्त्यांची अपेक्षा आहे आणि विक्सनंही २०२५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून त्यावर उत्पन्न मिळवणाऱ्यांसाठी देखभाल शुल्क लावलं आहे. तुमचं पोट ज्या टूलवर चालतं त्याचे पैसे आनंदानं द्यावेत असं मला वाटतं. पैसे भरून मिळणारी अ‍ॅडव्हान्स्ड इन्स्टॉलर किंवा इन्स्टॉलशील्डसारखी टूल वाईट नाहीत. ज्यांना एमएसआय सतत लागते आणि ते आतून शिकायला वेळ नाही, त्यांना ती उपयोगी पडतात. तुमची गरज आज तशी नाही.

आता चाचणी. तुमच्या स्वतःच्या संगणकावर सेटअप चालला याचा काही उपयोग नाही, तिथे सगळं आधीच बसलेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कोरं विंडोज १० आणि विंडोज ११ बसवा, जमल्यास विंडोज ७ ही, आणि प्रत्येकाचा स्नॅपशॉट (त्या स्थितीची जपून ठेवलेली प्रत) घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी केंद्रांवर ते अजून बराच काळ दिसेल. दर आवृत्तीला त्या कोऱ्या संगणकावर आधी जुनी आवृत्ती बसवा, खऱ्यासारख्या नोंदी भरा, तिच्यावर नवी चालवा, नोंदी मोजा, मग अनइन्स्टॉल करा, पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. एकदा अपडेट चालू असताना मुद्दाम बंद पाडूनही बघा, कारण केंद्रावर वीज जातेच. हे सगळं साध्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेल्या लॉगिननं प्रोग्रॅम उघडून तपासा.

आणि नवा सेटअप पहिल्यांदा तुमच्या जवळच्या, ओळखीच्या चार केंद्रांनाच द्या. पगार वाटून झाल्यावरची दुपार निवडा, सकाळचं संकलन आटोपलेलं असेल आणि संध्याकाळच्या आधी हातात वेळ असेल. एक पूर्ण पगार नव्या आवृत्तीवर काढून होऊ द्या, तोपर्यंत बाकीच्यांना थांबायला सांगा. ज्या केंद्रावर वहीवरून सगळं पुन्हा भरावं लागलं, तिथे दादांसोबत तुम्ही स्वतः जा.